सील केलेल्या गोदामाचा वास

१४ मे. गच्चीवर ज्वारी वाळत घातली होती आणि मी ती पायानं परतत होते. आदल्या संध्याकाळी अवकाळीच्या दोन सरी येऊन गेल्या होत्या, त्यामुळे पोती ओलसर झाली होती. आज मात्र ऊन डोकं फोडणारं होतं. तेवढ्यात शेजाऱ्याच्या दारात सरकारी जीप थांबली.

शेजारी फटाके बनवतो. आमच्या गावात बरेच जण बनवतात. त्याचं काम शेतातल्या शेडमध्ये चालतं आणि तयार, कोरडा माल घराला लागून असलेल्या गोदामात राहतो. गोदामाच्या भिंतीला आमची भिंत, आणि त्या भिंतीशी माझ्या सासूबाईंची खाट. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या उठलेल्या नाहीत.

त्याच्यावर विक्रीकराची जुनी थकबाकी होती. नोटिसा येत राहिल्या, तो तारखा घेत राहिला. शेवटी कोर्टानं जप्तीचा हुकूम काढला, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. माल आणि गोदाम जाणार हे नक्की होतं, कधी एवढंच ठरायचं होतं.

कोर्टाच्या बेलीफनं खालून हाक मारली, "मावशी, खाली या. पंच म्हणून सही पाहिजे."

"मावशी कुणाला म्हणता? तुमच्याएवढंच वय असंल माझं."

"बरं, ताई. पण या."

जप्ती होताना दोन पंच लागतात, म्हणजे समोर काय घडलं हे पाहून सही करणारी गावातली माणसं. एक कोपऱ्यावरचा टेलर मिळाला होता. बाकीचे दारं लावून बसले होते. माझी पिठाची गिरणी आहे, रोज सगळ्यांशी संबंध येतो, म्हणून मलाही नको होतं. पण कुणीतरी करायचंच होतं.

कर खात्याचे साहेब सावलीत उभे होते. बेलीफ घरात गेला, यादी केली. शेजाऱ्याची बायको भांडी पुढं ओढायला लागली तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, भांडीकुंडी राहू द्या. गळ्यातलं बी राहू द्या. त्याला आम्ही हात लावत न्हाय." मग तो गोदामाकडे वळला. शेजारी दारात आडवा उभा राहिला.

"साहेब, दोन तास द्या. फक्त दार उघडं ठेवा, हवा लागू द्या."

"हवा कशाला?"

त्यानं दाराची चौकट धरून ठेवली.

बेलीफ हसला. "दोन तासांत गोदाम कसं रिकामं होतं ते मी लई ठिकाणी बघितलंय."

मलाही तसंच वाटलं. मागच्या दारानं खोकी काढायची असणार. बेलीफनं दारातूनच आत नजर टाकली. पुढं खोक्यांची थप्पी होती, ती मोजून लिहिली. खिडकी आतून लावली, दाराला कुलूप, कुलपाला कापड आणि लाख. पंचनाम्यावर मी सही केली. जीप गेली. शेजारी ओट्यावर बसून कुलपाकडे बघत राहिला.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "कुठं जनावर बांधलंय का गं? मुताचा वास येतोय."

आमच्याकडे जनावर नाही. मी भिंतीजवळ गेले. गोठ्यात साचलेल्या मुतासारखा उग्र वास, डोळ्यांना झोंबणारा. लग्नानंतर आठ वर्षं मी फटाक्यांच्या पॅकिंगला जात होते. ओलं मिश्रण कोंडून राहिलं की असा वास सुटतो. म्हणजे ते आतल्या आत तापत असतं, आणि तापत राहिलं तर पेट घेतं. भिंतीला हात लावला. गरम होती. पण मे महिन्यात सगळ्याच भिंती गरम असतात, काही कळेना.

शेजाऱ्याची बायको परसात उभी होती. मी विचारलं, "आत काय हाय?"

तिनं पदर तोंडाला लावला. "काल पावसात शेड गळाया लागली आक्का. भुईनळ्यांचं ओलं मिश्रण व्हतं, पराती भरून. आमी इथं आणून ठेवलं. मागं हायती, खोक्यांच्या पल्याड."

घराला लागून ओला माल ठेवायची परवानगी नाही. म्हणून तो सकाळी कारण सांगू शकला नव्हता. तेवढ्यात तो स्वतः आला.

"ताई, कुणाला सांगू नका. लायसन गेलं तर मी काय करू? सगळं गेलंय, तेवढंच राहिलंय."

"मग सील तोड."

"तोडलं तर जेलात जाईन."

"पाणी मारावं का वरून?"

"पाण्यानं तर आणखी तापतं. तुमाला माहीत हाय की."

मला माहीत होतं. मी त्याच्यासमोरच बेलीफला फोन लावून ओल्या मालाचं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, सील केल्यावर सगळ्यांचाच माल ओला होतो. कोर्टाच्या हुकमाशिवाय मला उघडता येत न्हाय. सकाळी या, लिहून द्या."

शेजारी म्हणाला, "सकाळपर्यंत निवंल. तुमी जाऊ नका."

"निवलं तर बरंच. न्हाय निवलं तर माझी म्हातारी त्या भिंतीला हाय."

सासूबाईंना खाटेसकट चौघांनी उचलून शाळेच्या वऱ्हांड्यात नेलं. गल्लीत मी दारोदार सांगितलं, बाकीची घरंही त्याच वाटेनं आली. कुणी आरडाओरडा केला नाही. शेजारी तेवढा ओट्यावर राहिला.

सकाळी पहिल्या एसटीनं तालुक्याला गेले आणि कोर्ट उघडायच्या आधीच पायरीवर बसले. लिहून दिलं, खाली पूर्ण नाव घातलं. हुकूम निघाला. बेलीफनं अग्निशमनची गाडी मागवली आणि मला जीपमध्ये घेतलं.

सील शाबूत असल्याचं टेलरनं आणि मी पाहिलं. मग दार उघडलं. वासानं सगळेच मागे सरले. पराती कशा धरायच्या हे शेजाऱ्यालाच माहीत होतं, म्हणून त्यानंच एकेक करून बाहेर आणल्या आणि लांब मोकळ्या रानात पसरल्या. शेवटच्या परातीला हात लावताना त्याला गोणपाटाची घडी धरावी लागली.

बेलीफ जीपच्या बॉनेटवर दुसरा पंचनामा लिहीत होता. ओला माल, जागा, परवानगी नसल्याचं, सगळं त्यात आलं. टेलरनं सही केली. मग पेन माझ्यापुढे आला. शेजारी समोरच उभा होता, हात पोळलेले. मी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. खोटं काहीच नव्हतं. सही केली.