पांढऱ्या मातीची भिंत

परवा लातूरला मेहुण्याच्या घरी भिजवलेल्या पांढऱ्या मातीचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं. राग कुणाचा, तर माझाच.

नांदेडला मी आर्किटेक्चर शिकत असताना आमचे सर अशाच मातीत भुसा कालवून पायानं तुडवायला लावत, भिंतही आमच्याच हातांनी उभी करवत. ती छातीपर्यंत आली आणि प्राचार्य कडाडले, "कॉलेज आहे का वीटभट्टी? पाडा ती! हा तास बंद!"

सरांनी आशेनं माझ्याकडं, वर्गप्रमुखाकडं, पाहिलं.

"आम्हालाबी नकोच होतं हे," मी प्राचार्यांना म्हणालो. नवे बूट खराब झाले होते ना महाराजांचे!

चार मजूर पहारी घेऊन दुपारभर भिडले, तरी भिंत पडेना. सर हळूच मला म्हणाले, "बघ, लई पक्की बांधलीस रे."

त्यापेक्षा एक थोबाडीत ठेवून द्यायची होती.