सिंहाजवळचा संत

आमच्या मुलीला सांभाळायला वसईच्या एक मावशी होत्या. शारजात अल नहदा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या चार वर्षं राहिल्या. ख्रिश्चन, पण मराठी माझ्यापेक्षा अस्सल.

एका शनिवारी ऑफिसातल्या दोन कुटुंबांबरोबर आम्ही अबुधाबीला म्युझियम बघायला गेलो. मावशींना नेलं ते खरं तर मुलीला धरायला. सकाळपासून त्या गप्प होत्या. मला वाटलं, गाडी लागली असेल.

एका दालनात वहीच्या पानाएवढं जुनं इटालियन चित्र होतं. खडकाळ माळ, मागे निळसर डोंगर आणि गुडघे टेकून बसलेला एक म्हातारा संत. शेजारी सिंह, घरच्या कुत्र्यासारखा पसरलेला. मी पाटी वाचून पुढे गेले. वळून बघते तर मावशीही चित्रासमोर गुडघ्यांवर! डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. लोक वळसा घालून जात होते. बॉसची बायको माझ्याकडे बघून हसली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जवळ जाऊन मी दबक्या आवाजात म्हणाले, "मावशी, हे चर्च नाहीये. उठा, यल्ला, चला लवकर, सगळे बघताहेत."

"चुकलं ताई," म्हणत त्या लगेच उठल्या.

"मम्मा, व्हाय इज मावशी क्राइंग?" लेकीने विचारलं.

"दमल्यात त्या."

संध्याकाळी घरी पोचतो तोच मावशींचा फोन वाजला. त्यांची धाकटी बहीण गेली होती. तिला व्हेंटिलेटरवर ठेवल्याचं त्यांना सकाळी निघतानाच कळलं होतं.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही तिकिटं काढली होती ना. पोरीला कोण बघणार होतं?" मग म्हणाल्या, "तो संत दिसला. वाटलं, याला तरी सांगावं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एअरपोर्टवर सोडायला गेले. वाटेत माफी मागायची असं ठरवलं होतं. पण मी बॅगेचं वजन, पासपोर्ट हेच विचारत राहिले. आत जाताना त्यांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरीला दूध कोमट द्या, गरम नको."

बहिणीची मुलं सांभाळायला त्या तिकडेच राहिल्या. दिवाळीला, नाताळला फोन होतो. दर वेळी ते माफीचं वाक्य ओठांवर येतं आणि मी फोन मुलीच्या हातात देते.