निलोफरबाई आणि फुलाफुलांच्या आवरणातलं यंत्र

भोरच्या कॉलेजात प्रथिनं तपासायचं यंत्र आलं, तेव्हा त्याच्यावर पहिला प्रयोग नारळाचा झाला. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी तो यंत्राशेजारीच दणक्यात फोडला, पाणी थेट यंत्राच्या पंपावर उडालं आणि टाळ्या पडल्या. ही २००२ सालची गोष्ट. केमिस्ट्री शिकवणाऱ्या निलोफरबाईंनी घाईघाईने ओढणीनेच पंप पुसला.

यंत्राचं नाव क्रोमॅटोग्राफ. दुधातली प्रथिनं त्यात सोडली, की ते एकेक वेगळं करून प्रत्येकाचा डोंगरासारखा आलेख कागदावर काढून दाखवतं. पुण्यात एम.एस्सी. करताना निलोफर असल्याच यंत्रावर शिकली होती. जवळच्या गुंजवणे गावच्या म्हशींचं दूध तपासायचं तिच्या फार मनात होतं. प्राचार्यांच्या मनात यंत्र जपायचं होतं. त्यांनी त्याला फुलाफुलांचं आवरण शिवून घेतलं आणि खोलीला कुलूप घातलं.

"सर, मुलांना एकदा चालवून दाखवते."

"बाई, बिघडलं म्हणजे?"

"न चालवताही बिघडतंच की. पंप आतून सुकतो."

"सुकू दे. बाहेरून दिसतंय का?"

दिसत नव्हतं, हे खरं. शिपाई ज्ञानू दर गुरुवारी यंत्राला उदबत्ती ओवाळायचा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर फोटोही छापून आला: यंत्र, आणि त्याच्यावर मायेने हात ठेवलेले प्राचार्य. विज्ञानाची इतकी सेवा भोरात आजवर कुणी केली नव्हती.

पुढच्या वर्षी तपासणी समिती आली. आवरण उतरलं, बटण दाबलं, हिरवे दिवे लागले.

"वा! काय संशोधन चालतं यावर?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"प्रथिनांवर. अगदी सखोल," म्हणत प्राचार्यांनी निलोफरकडे बोट केलं.

ती खरं तेच बोलली. "काही नाही सर. आल्यापासून एकदाही चाललेलं नाही."

अध्यक्ष खो खो हसले. "किती हा विनय!" म्हणाले आणि चांगला शेरा देऊन जेवायला गेले. कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. निलोफरची नेमणूक हंगामी होती. जूनमध्ये ती पुन्हा झाली नाही.

"खरं बोलायची येवडी काय घाई व्हती, बेटा?" तिची आई अजीजुन्निसा कळवळून म्हणाली. निलोफर दोन दिवस जेवली नाही. मग एसटी पकडून पुण्याला गेली आणि प्रयोगशाळांचे उंबरे झिजवू लागली. दिवाळीच्या आधी एका ठिकाणी काम मिळालं. तिथे मास स्पेक्ट्रोमीटर होता, म्हणजे प्रथिनाच्या एकेका कणाचं वजन सांगणारं यंत्र. आईने 'मास' तेवढं ऐकलं आणि मुलगी पुण्यात मटण तोलते, असं गल्लीभर कौतुकाने सांगून आली.

तिथल्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात निलोफरला यंत्रापुढे बसवलं. "बिघडलं तर?" तिने सवयीने विचारलं.

"मग दुरुस्त करू. त्यात काय?"

पुढे रीतसर परवानगी काढून तिने गुंजवण्याहून म्हशीचं दूध आणवलं. पडद्यावर प्रथिनांचे आकडे उमटू लागले, तशी ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली. दुपारी तिने घरी फोन लावून सगळं सांगितलं.

"ते ऱ्हाऊ दे," अजीजुन्निसा म्हणाली, "दूध चांगलं व्हतं का?"

"लई चांगलं, अम्मी," निलोफर म्हणाली आणि पुढचा नमुना लावायला गेली.