उन्हात भिजवलेल्या नूडल्स

धाकू बावीस वर्षं लईराई देवीचा धोंड. धोंड म्हणजे काय, ते गोव्यातल्या शिरगावातलं शेंबडं पोरही सांगेल. जत्रेआधी पाच दिवस व्रत, आंघोळ करून सोवळ्यात राहायचं, आपल्या हातानं करायचं तेवढंच खायचं, आणि मग पहाटे होमाच्या निखाऱ्यांवरून चालत जायचं. दोडामार्गहून खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आला, शिरगावातच राहिला, तेव्हापासून एक जत्रा चुकली नाही.

तेविसाव्या वर्षी मात्र तो तुरुंगात होता. उतारावर ट्रक आवरला नाही, एक सायकलवाला गेला. केस चालू, जामीन राहायला कुणी नाही. निखारे तर गेलेच. पण व्रत तरी सुटू नये, एवढंच त्याच्या डोक्यात.

आता आपल्या हातानं करणार काय? चूल नाही, काडीपेटी नाही. जेलची आमटी कांदा-लसणाची आणि दुसऱ्याच्या हातची. कॅन्टीनमध्ये नूडल्स नि शेंगदाणे मिळत. बाकीचे कैदी भटारखान्यातून गरम पाणी मागून नूडल्स भिजवायचे, पण ते पाणीही दुसऱ्याच्या चुलीवरचं. धाकूनं प्लास्टिकची बाटली भरली, काळ्या पिशवीत गुंडाळली आणि गजांपाशी उन्हात ठेवली. वैशाखाचं ऊन! दुपारी बाटली हातात धरवेना.

"सूर्याक सोवळां कोण विचारता?" तो म्हणाला.

शेजारी पेडण्याचा गोपाळ, स्कूटरचोर. तोंडाला लगाम नाही. "धाकूभाऊ, ह्यो नूडल्स काय तू स्वतः मळलंस?"

"घराकडले पोहे तरी खंय मी कांडतंय? दुकानातलेच. भिजवतंय माझ्या हातान, तां खरा."

"आणि मसालो?"

"त्यात लसूण. तू घे."

झालं! गोपाळची चैन. रोज मसाल्याची पुडी आमटीत ओतायचा, मिटक्या मारायचा आणि धाकूला हसायचा. धाकू डब्यात नूडल्स घालायचा, वर ते पाणी, झाकण, टॉवेल. तासाभरानं शेंगदाणे टाकून फिकट लगदा मुकाट गिळायचा. चार दिवस असेच गेले.

पाचव्या दिवशी सकाळी बाटली भरली तोच त्याला कोर्टात नेलं. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी पुढची तारीख दिली. परतताना गाडीत धाकू बेड्यांतल्या हातांकडे बघत होता. हात आपलाच पाहिजे म्हणतो आपण. पण स्टेअरिंगवर हाच हात होता ना? मग ह्या हातचं देवीला चालतं कसं?

आत आला तेव्हा ऊन भिंतीपलीकडे गेलेलं. संपलं, आज उपाशी, असं म्हणत तो टेकला. तर गोपाळ समोर कांबळ्याचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेला, केस ओले.

"ह्यां काय?"

"तुझी बाटली. सकाळी पटांगणात, दुपारी गजांपाशी. ऊन गेला थंय बाटली. मगे दोन कांबळ्यांत बांधलंय." मग घाईनं, "पुडो फोडूक नाय हां! हात तुझोच लागाचो. आणि बाटलेक हात लावच्या आधी दर खेपेक आंघोळ केलंय, मगे बोल नको."

धाकूनं आंघोळ केली, पुडा फोडला. पाणी कोमटच उरलेलं. तास गेला तरी नूडल्स मधे कडक. गोपाळचा हात सवयीनं मसाल्याच्या पुडीकडे गेला आणि मागे आला.

धाकूनं अर्ध्या नूडल्स झाकणात काढून त्याच्यापुढे सरकवल्या.

"मसाल्याशिवाय? घास जातलो?"

"जाता. चावून खा."

दोघे कुरुमकुरुम चावत राहिले.

व्रत राहिलं की सुटलं, ते धाकूनं कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी व्रत संपलं होतं, जेलची आमटी खायला तो मोकळा होता. तरी सकाळी आंघोळ करून त्यानं बाटली भरली, उन्हात ठेवली आणि गोपाळला म्हणाला, "आज मसालो घाल."

त्या दिवशी ऊन सरकेल तशी बाटली धाकूच सरकवत होता.