लेबलं कुणाच्या हातात द्यायची

दादाला काजूच्या बोंडांची दारू गाळायचं सरकारी लायसन्स मिळालं, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटावेत की तोंड लपवावं ते कुणाला कळेना. भट्टी गावी, कोकणात. मी मुलुंडला. बाटल्या, बुचं, खोके, लेबलं ही सगळी मुंबईची कामं मी अंगावर घेतली. दादा म्हणजे कुणी गोड बोललं की विरघळणारा माणूस. माझं तसं नाही. भाजीवाल्याच्या तराजूखाली हात घालून बघणारी बाई आहे मी.

बाटल्यांचं आणि बुचांचं पटकन जमलं. घोडं अडलं लेबलापाशी. रिकामी बाटली कुणीही भंगारातून उचलतो. आतला माल खरा आहे हे गिऱ्हाइकाला सांगतं ते लेबलच. आमची थोडी लेबलं जरी बाहेर गेली, आणि कुणी कुठल्याशा बंद खोलीत भलतंच काहीतरी ढवळून आमच्या नावानं विकलं, आणि ते पिऊन माणूस मेला, तर पोलीस कुणाच्या दारात येणार? दादाच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. भट्टीला कुलूप आणि दादा आत. मला रात्री झोप लागायची नाही ती यामुळे.

नवरा म्हणाला, “अगं, लग्नपत्रिका देतो तशी छापायला दे आणि मोकळी हो ना.”

“लग्नपत्रिका चोरून कुणी काय करणार? फार तर फुकट जेवून जाईल,” मी म्हटलं.

पहिला छपाईवाला अंधेरीला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. काचेचं ऑफिस, गारेगार एसी, बसल्याबसल्या कॉफी. “वहिनी, आपलंच समजा,” हे तो इतक्या वेळा म्हणाला की मी पर्स मांडीवर ओढून घेतली. पण काम बघितलं आणि खरं सांगते, भुलले. सोनेरी अक्षरं नखानं खरवडली तरी निघेनात. “घरी नेऊन बघा, बर्फात ठेवून बघा,” म्हणून त्यानं लेबलांचा एक गठ्ठाच माझ्या हातात ठेवला. जिना उतरताना दाराशी एक फाटकी गोणी दिसली, बिघडलेल्या लेबलांनी भरलेली. भंगारवाल्यासाठी ठेवली असेल. बघितलं आणि पुढे गेले. सोनेरी अक्षरांची भूल होती ना डोळ्यांवर.

घरी येऊन एक लेबल कोकम सरबताच्या बाटलीला चिकटवलं आणि बाटली बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवली. सकाळी बघते तर लेबल जसंच्या तसं. कोपरासुद्धा सुटला नव्हता. नवरा म्हणाला, “झकास. देऊन टाक ऑर्डर.”

मी बाटली पुसून ओट्यावर ठेवली, चहा गाळायला वळले आणि हात थांबला. माझ्या ओट्यावर कुणाची तरी व्हिस्की उभी होती. नाव, पत्ता, लायसन्सचा नंबर, सगळं खरं. आत सरबत होतं ते फक्त मला माहीत. त्या मालकाची मला ओळख ना देख, आणि त्याची पंचवीसेक लेबलं माझ्या पर्समध्ये. उद्या माझ्या दादाची अशीच कुणाच्या पर्समध्ये जाणार, वर कॉफी पाजून.

मी फोन लावला. म्हटलं, “तुम्ही मला दिलीत ती लेबलं ज्यांची आहेत, त्यांना विचारलं होतंत?”

“वहिनी, एवढं काय त्यात? उरलेली असतात.”

उरलेली म्हणे. मी तो गठ्ठा कात्रीनं बारीक कापला आणि चुरा तीन वेगवेगळ्या दिवशी कचऱ्यात टाकला. नवरा म्हणाला, खून करून आल्यासारखी वागतेयस. म्हणू दे.

दुसरा छपाईवाला बोरिवलीला. गाळ्याला जाळीचं दार आणि आतून कुलूप. साठी उलटलेला माणूस, चष्मा कपाळावर. ये नाही, बस नाही.

“काय छापायचंय?”

“दारूचं लेबल.”

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “लायसन्स कुणाच्या नावावर?”

“भावाच्या.”

“मग भाऊ कुठाय?”

मी म्हटलं, आधी तुमची कामं तर दाखवा. तो म्हणाला, दुसऱ्याची लेबलं दाखवत नाही. “मग मी काय बघून ऑर्डर द्यायची?” “नका देऊ.” शेवटी स्वतःच्या छापखान्याचं नाव छापलेली एक पट्टी त्यानं जाळीतून बाहेर सरकवली, ती भिजवून बघा म्हणाला. माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर मी लोकांकडे संशयानं बघत आले, माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

“मी तुम्हाला बनावट दारूवाली वाटते का?”

“त्यांच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, मॅडम. एक्साइजनं लेबल मंजूर केल्याचा कागद आणा, मग बोलू.”

रिक्षात बसून मी त्याला मनातल्या मनात चिक्कार शिव्या घातल्या. मुलुंड यायच्या आत शिव्या संपल्या आणि लक्षात आलं की हाच. जो मला आत घेत नाही, तो दुसऱ्या कुणाला तरी कशाला घेईल?

पुढच्या आठवड्यात सगळे कागद घेऊन गेले. या वेळी कुलूप उघडलं, स्टूल मिळालं. आत बिघडलेली लेबलं एक मशीन शेवयांसारखी चिरत होतं, आणि तो मध्येमध्ये तिकडे बघून खात्री करत होता. माझा जीव भांड्यात पडला. कागद वाचून झाल्यावर तो म्हणाला, “भावाशी बोलायचंय.” मी फोन पुढे केला.

“तुमच्यावरून नको. कुणीही भाऊ होऊन बोलेल.” लायसन्सच्या कागदांवरचा दादाचा फोन नंबर त्यानं स्वतःच्या फोनवर लावला आणि स्पीकर सुरू केला. मी मनात म्हटलं, वा.

दादानं फोन घेतला. हो, माझंच लेबल. हो, बहीणच ती माझी. छपाईवाल्यानं विचारलं, “माल तयार झाला की कुणाच्या हातात द्यायचा? एकदा सांगाल तेच धरून चालणार मी.”

“माझ्याच,” दादा म्हणाला. “मी येऊन घेऊन जाईन.”

“इथे ताई बसल्यात. त्यांच्या हातात दिला तर?”

 

“नको,” दादा म्हणाला. “तिच्या पण नको.”

छपाईवाल्यानं माझ्याकडे न बघता ते कागदावर लिहून घेतलं. मी मान हलवली, जणू आमचं आधीच ठरलं होतं. कान तापले होते. उन्हातान्हात वणवण मी केली, कात्री मी चालवली, आणि तिच्या पण नको.

संध्याकाळी दादाचाच फोन आला. “बाय, राग इलो गो?”

“नाही.”

“तुज्यार इस्वास नाय असां नाय. पण उद्या एक जरी लेबल कमी भरलां, तर मी पयलो तुज्याच तोंडाकडे बघीन. तां माका नको.”

मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? मला ते सगळं कळत होतं आणि तरीही रडू येत होतं.

लेबलं तयार झाली तेव्हा दादा आला. बोरिवलीहून खोका घेऊन थेट माझ्याकडे जेवायला. मी बांगड्याचं तिखलं केलं होतं, भात, सोलकढी. खोका त्यानं टेबलाखाली दोन पायांच्या मध्ये ठेवला. मी म्हटलं, “बाजूला ठेव की रे, नीट बसून जेव.” तो म्हणाला, “असांदे.” वाढायला वाकले तेव्हा दिसलं, त्याच्या दोन्ही पोटऱ्या खोक्याला घट्ट टेकलेल्या होत्या. माझ्या घरात, माझ्या हातचं जेवताना. दोनदा भात घेतला त्यानं. बांगडा चांगला झालाय म्हणाला.

रात्रीच्या गाडीनं तो गेला. मी ताटं उचलली, टेबल पुसलं. मग गुडघ्यांवर बसले आणि टेबलाखाली, खुर्च्यांच्या मागे, फ्रिजच्या फटीत मोबाईलचा उजेड पाडून बघितलं, त्याचं एखादं लेबल पडून तर राहिलं नाही ना.