न सापडलेल्या चुकांची मोजदाद

भूकंपात आमचं गाव पडलं तेव्हा मी शाळेत होते. पत्र्याच्या शेडमध्ये अभ्यास करून विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पोचले आणि पहिली नोकरी लातुरात लागली. तेव्हा तिथे गल्लोगल्ली क्लास निघत होते. अशाच एका मोठ्या क्लाससाठी आमच्या छोट्या ऑफिसात उत्तरपत्रिका तपासणारा प्रोग्राम तयार होत होता.

तो सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, स्वतः लिहिला होता. तपासायचं काम माझ्याकडे आणि माझ्या मैत्रिणीकडे आलं. ती नांदेडची, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. एकमेकींना काही न सांगता वेगवेगळं वाचायचं, असं आम्ही ठरवलं. तिला बारा चुका सापडल्या, मला दहा. त्यातल्या सहा दोघींनाही सापडल्या होत्या, म्हणजे एकूण सोळा. सरांनी त्या दुरुस्त केल्या आणि उद्या प्रोग्राम देऊन टाकू म्हणाले.

"सर, अजून चारेक राहिल्यात," मी म्हणाले.

"दाखव."

"त्या सापडल्या न्हाईत अजून."

"मग न सापडलेल्या तू कशा मोजून राहिलीस?"

मी फळ्याजवळ गेले. माझ्या दहातल्या सहा हिला सापडल्या, म्हणजे हिची नजर दहातल्या सहा चुका धरते. मग हिच्या बारा चुका एकूण किती चुकांतून आल्या असतील? विसाच्या आसपास. हातात सोळाच आहेत. हा अंदाजच होता, एखादीने इकडेतिकडे होईल, हेही मी सांगितलं. सर हसले. मैत्रीण मात्र हसली नाही. तिने एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच निघालं नाही. मग तिने मला हाक मारली. शेवटचा प्रश्न कोरा सोडला की पोराचे गुण कापले जात होते. चुकीच्या उत्तराची शिक्षा कोऱ्या जागेला! सर खुर्ची ओढून आमच्याजवळ बसले. पाठोपाठ मला दोन सापडल्या, आणि चौथी खुद्द सरांनी काढली.

"विसावी," ते म्हणाले आणि फळ्यावरचा माझा आकडा त्यांनी खडूने गोल केला.

निकालाच्या दिवशी क्लासच्या दारात आईबापांची गर्दी होती. एकाचीही तक्रार आली नाही. आम्ही दोघी रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून पेढे वाटणारे हात बघत होतो, आणि त्यातला प्रत्येक पेढा आम्हाला आमचाच वाटत होता.