वीसपैकी चौथी प्रत

दुकानात दोघे भाऊ. थोरला तो दादा. सगळी गल्लीच त्याला दादा म्हणायची, त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. धाकट्याला आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण गल्लीने त्याचं बडबड्या करून टाकलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. धंदा बाइंडिंगचा. कचेऱ्यांची रजिस्टरं, कॉलेजातले प्रबंध, वकिलांचे जाडजूड ग्रंथ. दादा शिवायचा, धाकटा कापायचा. कटिंग मशीनवर धाकट्याचा हात असा बसलेला, की पाचशे कागदांच्या कडेवरून बोट फिरवलं तरी कुठे अडखळत नसे. या गोष्टीतलं सगळं वाटोळं त्याच हाताने झालं, आणि तेही प्रेमापोटी. म्हणून तर कुणाला शिव्याही घालता येत नाहीत.

दादाने लग्न केलं नाही, तंबाखू खाल्ली नाही, पत्ते खेळला नाही. नाद एकच. दुकानाच्या वरच्या खोलीत एक बाई राहायच्या, त्या छापचित्रं करायच्या. तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढायच्या, पत्रा तेजाबात बुडवायच्या, रेघांत शाई भरायच्या आणि वर ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायच्या. एका पत्र्याच्या प्रती वीस. एकविसावी नाही म्हणजे नाही. विसावी निघाली की बाई पत्र्यावर खिळ्याने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन चरे ओढायच्या. पुढे कुणाला कितीही मोह झाला तरी छापता येऊ नये म्हणून. मग प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने डाव्या बाजूला आकडा, १/२०, २/२०, असा, आणि उजवीकडे बारीक सही. चित्र बाईंचं आहे आणि विसांतलंच आहे, हे सांगणारं त्या कागदावर तेवढंच.

पहिलं चित्र दादाने घेतलं ते जिन्याचं. बाई पुठ्ठे मागायला दुकानात आल्या होत्या, हातात चित्र होतं. जिना दुकानालगतचाच, आणि जिन्याखाली खळीची बादली.

"ही बादली आमची," दादा म्हणाला.

"बादली तुमची, चित्र माझं," बाई म्हणाल्या. "हवं असेल तर विकत घ्या."

घेतलं. ती निघाली चौथी प्रत. पुढचं चित्र आलं तेव्हा दादाने आपण होऊन चौथीच मागितली, आणि मग तो नेमच पडला. तेवीस वर्षांत बाईंनी एकतीस चित्रं केली: नळाचं, सायकलींच्या रांगेचं, बंद इस्त्रीवाल्याच्या फळीचं. एकोणिसावं दादाच्या शिवणीच्या स्टुलाचं. स्टूल रिकामं, त्यावर अर्धवट शिवलेलं रजिस्टर. ते घेताना दादा पैसे मोजायला तीनदा चुकला. प्रेम होतं का? होतं, झाकायचं कशाला. पण तेवीस वर्षांत दादा बाईंशी बोलला ते कागदाच्या जाडीबद्दल आणि दमट हवेबद्दल. बाईंनाही ते पुरत असावं, कारण त्याही दुसऱ्या कशाबद्दल बोलल्या नाहीत.

धाकट्याला हे सगळं खूळ वाटायचं. "एकोणीस जणांच्या घरी तेच चित्र आहे आणि हा पदरचे पैसे मोजून विसावा होतो," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा. दादाही हसायचा. पण त्या हसण्याने झालं काय, की दादाने घरात त्या चित्रांचा विषयच काढला नाही. आकडा म्हणजे काय, सही म्हणजे काय, चौथीच का, हे त्याने सख्ख्या भावाला कधी सांगितलं नाही. चित्रं कपाटाच्या खालच्या खणात, मधे पातळ कागद घालून ठेवलेली. महिन्यातून एकदा साबणाने हात धुऊन दादा ती वरखाली करायचा, वारा लागावा म्हणून.

बाई गेल्या. भाचा आला, दोन दिवसांत खोली रिकामी केली, तांब्याचे पत्रे भंगारात गेले, उरलेल्या प्रती कोपऱ्यातल्या ओलीने खाल्ल्या होत्या. इतर लोकांनी घेतलेल्या प्रती कुठे गेल्या कुणास ठाऊक; कुणी लग्नात भेट दिल्या, कुणी उन्हात टांगून पिवळ्या केल्या. बाई होत्या तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मग गेल्यावर कोण विचारतो. एकतीसच्या एकतीस चित्रं एकत्र अशी आता जगात एकाच ठिकाणी होती, दादाच्या खालच्या खणात.

आणि मग पत्र आलं. मोठ्या संग्रहालयाचे साहेब दाढ काढायला गेले होते, तिथे दवाखान्याच्या भिंतीवर त्यांना बाईंचा नळ दिसला. शोध घेत घेत ते दादापर्यंत पोचले. पत्रात लिहिलं होतं की संपूर्ण संच मिळाला तर संग्रहालय त्यासाठी एक स्वतंत्र खोली देईल आणि खोलीच्या दारावर बाईंचं नाव लावील. अट एकच: प्रत्येक प्रत पूर्ण असावी, कागदाच्या चारी कडा शाबूत, आकडा आणि सही जागेवर. दादाने पत्र इतक्यांदा वाचलं की घड्यांवर फाटायला आलं. बाईंचं नाव दारावर. आयुष्यात त्याने दुसरं काही मागितलं असेल असं मला वाटत नाही. धाकट्याला त्याने एवढंच सांगितलं की अमुक सोमवारी संग्रहालयाची माणसं चित्रं न्यायला येणार आहेत. चित्रं ठेवायला पेटी करावी म्हणून उत्तम तपकिरी चामडं आणून ठेवलं, आणि दुसऱ्याच दिवशी पोट धरून खाली बसला.

पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, ताप चढला, बारा दिवस दवाखान्यात गेले. तापात दादा एकच धोशा लावून होता, "ते काम राहिलं रे. चित्रांचं काम राहिलं."

"तू पड," धाकटा म्हणाला. "मी आहे ना."

त्याने ते मनावर घेतलं. चामडं आणलेलं, तारीख ठरलेली, माणसं मोठी. आपलं बाइंडिंगचं दुकान आणि आपल्या घरातून सुटे कागद जायचे? तीन दिवस त्याने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. शिवण हे त्याचं काम नव्हे, तरी प्रत्येक कागदाला मागून पट्टी जोडून त्याने शिवण घातली, दोनदा उसवून पुन्हा घातली. आणि मग गठ्ठा मशीनवर चढवला.

दादा गुरुवारी घरी आला. त्याला खुर्चीत बसवून धाकट्याने पुस्तक मांडीवर ठेवलं आणि समोर उभा राहिला. इतका गप्प तो कधीच उभा राहिला नव्हता.

दादाने उघडलं. पहिलाच जिना. जिन्याच्या शेवटच्या पायरीखाली दोराएवढा पांढरा कागद, आणि मग कड. लखलखीत, सरळ, बोट न अडखळणारी कड. त्याने पान उलटलं. पुढचं उलटलं. स्टूल, नळ, सायकली.

"पेन्सिलीच्या खुणा सगळ्या काढल्या," धाकटा म्हणाला. त्याला राहवेना. "तू कोपऱ्यात आकडे घालून ठेवले होतेस ना, क्रमाचे. आपण रजिस्टरांवर घालतो तसे. पण तू सगळ्यांवर चारच घातलास. म्हटलं, हा म्हातारा झाला. मग क्रम माझा मीच लावला, घरातली आधी, रस्त्यावरची नंतर. उजवीकडे पण काहीतरी गिचमीड होती, तीही गेली."

बाइंडरच्या दुकानात हे असंच असतं. मार्जिनवर पेन्सिलीने आकडा घालायचा तो क्रम चुकू नये म्हणून, आणि कापताना तो जायलाच हवा. राहिला तर काम कच्चं. दादाने स्वतःच भावाला हे शिकवलं होतं.

"कात्रण?" दादाने विचारलं.

"सकाळीच रद्दीवाला घेऊन गेला. का?"

"काही नाही."

"कसं झालंय ते तरी सांग."

दादाने पुस्तक मिटलं. पोटातले टाके दुखत होते. "शिवण चांगली आली तुझी," तो म्हणाला. धाकट्याचे डोळे भरून आले, आणि तो नाक शिंकरायला आत निघून गेला.

सोमवारी साहेब आले. धाकट्याने पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि चहा आणायला गेला. साहेबांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, बोट कडेवरून नेलं आणि चष्मा काढून हातात धरला.

"हे कुणी केलं?"

"घरातच झालं."

"मी काय बोलू," साहेब म्हणाले. "ही त्यांचीच आहेत, मला दिसतंय. आकडा-सही होती हेही मला पटतं. पण समितीपुढे आकडा लागतो, सही लागते. माझं पटणं मी भिंतीवर लावू शकत नाही."

"मला ठाऊक आहे," दादा म्हणाला. "एक काम करा. तो चहा घेऊन येईल, तेव्हा बाइंडिंग चांगलं आहे एवढं म्हणा."

साहेबांनी दादाकडे पाहिलं. चहा आला तेव्हा ते बाइंडिंगबद्दल इतकं बोलले, की धाकटा लाजला. मग त्याने विचारलं, "आज नेणार की गाडी पाठवणार?"

"नाही देणार मी," दादा म्हणाला. "घरातच ठेवतो."

"बघा," धाकटा साहेबांना म्हणाला. "जीवच निघेना याचा. मला आधीच माहीत होतं." आणि तो मनापासून हसला, कारण असं पुस्तक हातातून जाणार म्हणून त्यालाही दोन दिवस गोड लागत नव्हतं.

साहेब गेले. त्या दिवशी दादा जेवला नाही, आणि ताप आला असेल म्हणून कुणी आग्रहही केला नाही. पडल्या पडल्या त्याला एक आठवलं: पुस्तकाची पाठ कोरी आहे. दारावर नाही तर नाही, पाठीवर तरी बाईंचं नाव घालता येईल. पितळी अक्षरं तापवून सोनेरी वर्खात दाबली की चामड्यावरून पुन्हा ती निघत नाहीत. शंभर वर्षांनी कुणी उघडलं तरी चित्रं कुणाची ते त्याला कळेल. तेवढ्याने जरा बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी त्याने चिठ्ठीवर बाईंचं पूर्ण नाव सुवाच्य लिहिलं, धाकट्याने ऱ्हस्वदीर्घाची चूक करू नये म्हणून दोनदा तपासलं, आणि भिंतीचा आधार घेत घेत दुकानात गेला.

तापल्या चामड्याचा वास दारातच आला. धाकटा पुस्तकावरून फडकं फिरवत होता.

"बस, बस. पाठ कोरी बरी दिसत नव्हती," तो म्हणाला. "आता तू ठेवूनच घेणार, मग म्हटलं उरकून टाकू. बघ, एक अक्षर वाकडं नाही."

दादा स्टुलावर बसला. पाठीवर सोन्यात नाव होतं, दादाचं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. अक्षरांमधलं अंतर अगदी सारखं होतं. आतल्या एकतीस पानांवर कुठेच कुणाचं नाव नव्हतं.

"हातात काय आहे ते?" धाकट्याने विचारलं.

"कात्रण," दादा म्हणाला, आणि चिठ्ठी त्याने मशीनखालच्या पोत्यात टाकली.